युगोस्लाव्हिया कशाने फुटला: १९७४ च्या घटनेने, की ती घटना मोडल्याने?

पश्चिमघाट (धागा)

युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'टिटो गेला आणि देश फुटला.' दुसरं, 'ते लोक शतकानुशतकं एकमेकांच्या जिवावर उठलेलेच होते.' मला दोन्ही पटत नाहीत. देशाचा अध्यक्ष टिटो ४ मे १९८० रोजी गेला. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं २५ जून १९९१ रोजी. मधल्या अकरा वर्षांत काय घडलं, हे कुणी सांगत नाही. आणि शतकानुशतकांच्या वैराचं म्हणाल, तर याच लोकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या भीषण कत्तलींनंतर पस्तीस वर्षं एकत्र संसार केला, परस्परांत लग्नं केली.

तिसरं उत्तर जरा अभ्यासू मंडळींकडून येतं: १९७४ च्या घटनेनेच देशाचे तुकडे केले. हा धागा त्या तिसऱ्या उत्तरासाठी आहे. मला तेही अपुरं वाटतं, नव्हे, चुकीच्या दिशेने नेणारं वाटतं.

ज्यांना तपशील माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी १९७४ मध्ये आलेली ही घटना ४०६ कलमांची होती. तिचा मुख्य शिल्पकार एडवर्ड कार्देल, स्लोव्हेनियाचा. सहा प्रजासत्ताकं: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनेग्रो, मॅसिडोनिया. शिवाय सर्बियाच्या अंतर्गत दोन स्वायत्त प्रांत, व्होयव्होदिना आणि कोसोव्हो. संघाच्या अध्यक्षमंडळात आठही एककांना एकेक जागा. टिटोनंतर अध्यक्षपद दरवर्षी फिरतं राहणार. संसदेच्या दोन सभागृहांपैकी एकात प्रत्येक प्रजासत्ताकाचे १२ आणि प्रत्येक प्रांताचे ८ प्रतिनिधी. पैसा, कर, विकास निधी असल्या महत्त्वाच्या विषयांवर तिथे बहुमत चालत नसे, सगळ्यांची संमती लागे.

सर्बियाची तक्रार खोटी नव्हती. प्रांतांचे प्रतिनिधी सर्बियाच्या विधानसभेत बसून सर्बियाच्या कारभारावर मत देत, पण प्रांतांच्या कारभारात सर्बियाला जवळजवळ शिरकाव नव्हता. असली रचना दुसऱ्या कुठल्याही प्रजासत्ताकाच्या वाट्याला आली नव्हती. दुरुस्ती हवीच होती.

माझा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. घटना दुरुस्त होऊ शकत होती याचा पुरावा खुद्द १९८८ सालचा आहे. त्या वर्षाच्या अखेरीस संघराज्याच्या घटनेत मोठ्या दुरुस्त्या झाल्या. खाजगी उद्योग आणि परकी भांडवल यांना वाट मोकळी झाली, आणि आठही एककांनी त्यांना संमती दिली. म्हणजे संमतीची अट असूनही गाडा हलत होता. सर्बियाने प्रांतांबाबत तो धीर धरला नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये नोव्ही सादमध्ये जमाव जमवून व्होयव्होदिनाचं नेतृत्व खाली खेचलं. जानेवारी १९८९ मध्ये मॉन्टेनेग्रोचं. कोसोव्होतला अल्बानियन पक्षनेता आझेम व्लासी याला पदावरून काढलं, तेव्हा फेब्रुवारी १९८९ मध्ये त्रेपचाच्या खाणीत हजाराहून अधिक कामगार जमिनीखाली ठाण मांडून बसले. व्लासीला मग अटक झाली. २३ मार्च १९८९ रोजी कोसोव्होच्या विधानसभेने स्वतःची स्वायत्तता कमी करणाऱ्या दुरुस्त्यांना 'संमती' दिली, तेव्हा इमारतीबाहेर रणगाडे उभे होते. २८ मार्चला सर्बियाची राजधानी बेलग्रेडने त्या जाहीर केल्या.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट पुढची. स्वायत्तता गेली, पण संघाच्या अध्यक्षमंडळातल्या दोन्ही प्रांतांच्या जागा राहिल्या आणि त्यांवर आता बेलग्रेडची माणसं बसली. सर्बिया, व्होयव्होदिना, कोसोव्हो आणि मित्र मॉन्टेनेग्रो, आठांपैकी चार मतं एका हातात. प्रांत स्वतंत्र एकक नाहीत असं म्हणायचं, तर त्यांचं वेगळं मतही राहायला नको होतं. सर्बियाने दोन्ही घेतलं. त्या दिवसापासून ल्युब्ल्याना आणि झाग्रेबमध्ये, म्हणजे स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाच्या राजधान्यांत, कुठल्याही समंजस माणसालासुद्धा 'थांबा, चर्चेने सुटेल' असं म्हणायला जागा उरली नाही.

म्हणून माझं म्हणणं: देश १९७४ च्या घटनेने फोडला नाही. ती घटना रस्त्यावरच्या जमावाने आणि रणगाड्यांच्या धाकाने बदलली, तिथे तो फुटला.

---

जुना वाचक

पश्चिमघाट, मांडणी नेटकी आहे, पण तुम्ही गोष्ट सुरू केलीत ती १९८८ पासून. त्यामुळे सर्बिया अधीर दिसतो. ती १९७१ पासून सांगा, मग वेगळीच दिसेल.

१९७४ च्या घटनेची पायाभरणी १९६७ ते १९७१ च्या दुरुस्त्यांनी झाली. मार्च १९७१ मध्ये बेलग्रेडच्या विधी महाविद्यालयात त्या मसुद्यांवर चर्चा झाली. मिहाइलो ज्युरिच या प्राध्यापकाने तिथे उघड सांगितलं की या वाटेने युगोस्लाव्हिया हे राज्य न उरता निव्वळ भौगोलिक नाव होईल, आणि प्रजासत्ताकांच्या सीमा लोकवस्तीशी जुळत नसल्याने सर्बांचा मोठा भाग सर्बियाबाहेर अडकेल. त्याच्या मताशी तुम्ही असहमत असा. पण मत मांडल्याबद्दल त्याला खटला भरून तुरुंगात टाकलं. ज्या दुरुस्त्यांवर चर्चा करा असं सरकारनेच सांगितलं होतं, त्यांवर बोलल्याबद्दल.

पुढे १९७७. सर्बियाच्या नेतृत्वाने एक दस्तऐवज तयार करून घेतला, 'निळं पुस्तक' या नावाने तो ओळखला जातो. घटनातज्ज्ञांनी शांतपणे मांडलेलं, कम्युनिस्ट पक्षाच्या चौकटीतलं, जमाव नाही, घोषणा नाहीत. मागणी काय, तर प्रांत आणि प्रजासत्ताक यांच्यातला संबंध नीट लावा. प्रांतांनी विरोध केला, वरून पाठबळ मिळालं नाही, पुस्तक कपाटात गेलं. तुम्ही म्हणता धीर धरला नाही. १९७७ ते १९८८ ही अकरा वर्षंच होतात.

आणि '१९८८ मध्ये संमतीने दुरुस्त्या झाल्या' हा तुमचा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. त्या दुरुस्त्यांची गरज दिसून कितीतरी वर्षं लोटली होती. परकं कर्ज २० अब्ज डॉलरांच्या घरात गेलं होतं. क्राइगर आयोगाने १९८३ मध्ये अर्थव्यवस्था सावरण्याचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम दिला, सगळ्यांनी त्याला मान डोलावली, आणि अंमलबजावणीची वेळ आली की प्रत्येक प्रजासत्ताक आपापली बँक, आपापला कारखाना, आपापलं परकी चलन कवटाळून बसलं. संकटाच्या काळात ज्या राज्याला साधा निर्णय घ्यायला पाच-सहा वर्षं लागतात, ते राज्य घटनेनेच पांगळं केलेलं असतं.

१९८० च्या दशकाअखेरीस सर्बियाचा नेता झालेल्या मिलोशेविचचं समर्थन मी करत नाही. तो आकाशातून पडला नाही, एवढंच म्हणतो. दहा-पंधरा वर्षं सभ्य माणसांचं ऐकलं नाही, म्हणून लोक त्याच्याकडे गेले.

---

सांजवेळ

तुमच्या दोघांच्याही लिखाणात कोसोव्हो म्हणजे सर्बिया आणि संघ यांच्यातला वादाचा विषय. तिथे राहणारी माणसं कुठे आहेत?

१९८१ च्या जनगणनेत युगोस्लाव्हियात अल्बानियन १७ लाखांहून जास्त होते. मॅसिडोनियन साधारण १३ लाख, मॉन्टेनेग्रिन ६ लाखांच्याही आत. मॅसिडोनियनांना प्रजासत्ताक, मॉन्टेनेग्रिनांना प्रजासत्ताक, अल्बानियनांना प्रांत. कारण घटनेने लोकांचे दोन वर्ग केले होते. ज्यांचं घर युगोस्लाव्हियातच आहे ती 'राष्ट्रं', आणि ज्यांच्या जमातीचं राज्य सीमेपलीकडे आहे ते 'राष्ट्रीय गट'. शेजारी अल्बानिया असल्याने कोसोव्होतले अल्बानियन दुसऱ्या वर्गात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही.

११ मार्च १९८१. कोसोव्होची राजधानी प्रिश्तिना, तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी खानावळीतल्या जेवणावरून गोंधळ सुरू केला. काही आठवड्यांत त्याची मागणी झाली 'कोसोव्हो प्रजासत्ताक'. लक्षात घ्या, त्या घोषणेत बहुतेकांची मागणी युगोस्लाव्हियातलं सातवं प्रजासत्ताक ही होती. उत्तरादाखल लष्कर आलं, आणीबाणी आली, आणि पुढची काही वर्षं अल्बानियन तरुण राजकीय गुन्ह्यांखाली तुरुंगात जात राहिले. कोसोव्हो तेव्हा देशातला सर्वांत गरीब भाग, सर्वांत तरुण लोकसंख्या, सर्वांत जास्त बेकारी. स्लोव्हेनियाचं दरडोई उत्पन्न तिथल्यापेक्षा सातपटींहून अधिक. मागास भागांसाठीच्या संघनिधीतला पैसा येत होता, पण तो खाणी आणि वीजकेंद्रांत जात होता, ज्यांत फार थोड्यांना काम मिळतं.

जुना वाचक, ज्युरिचची शिक्षा अन्याय्य होती, मान्य. पण 'सभ्य माणसांचं ऐकलं नाही' हे वाक्य प्रिश्तिनात बसून कुणी लिहिलं असतं तर ते तुम्हाला इतकं सहज पटलं असतं का?

---

जुना वाचक

सांजवेळ, पटलं असतं. पण चित्र पूर्ण करा. कोसोव्होतल्या सर्बांचं प्रमाण १९६१ मध्ये चोवीस टक्क्यांच्या आसपास होतं, १९८१ मध्ये तेरा. यात अल्बानियन कुटुंबांतला जन्मदर मोठा भाग, नोकरीसाठी बाहेर जाणंही आहे. पण त्रास, दडपण, पोलिसांकडून दाद न मिळणं हेही आहे. १९८१ नंतर ते लोक अर्ज घेऊन बेलग्रेडला येत होते. प्रांताचं पोलीस प्रांताच्या हातात, न्यायालय प्रांताच्या हातात, आणि सर्बियाचं सरकार त्यांना सांगत होतं की आमचे हात बांधलेले आहेत. तो घटनेचा प्रश्न नव्हता तर काय होता? २४ एप्रिल १९८७ ला मिलोशेविच कोसोव्हो पोल्येला गेला तेव्हा त्याने फक्त एवढंच केलं की त्या लोकांच्या बाजूने उभा राहिला. आधीच्या एकाही नेत्याला ते करावंसं वाटलं नव्हतं.

---

पश्चिमघाट

'फक्त एवढंच' नाही हो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्बियाच्या पक्षाच्या केंद्रीय समितीच्या आठव्या बैठकीत त्याने आपल्याच मार्गदर्शकाची, इव्हान स्तांबोलिचची, माणसं बाजूला केली. थोड्याच महिन्यांत स्तांबोलिचलाही पद सोडावं लागलं. स्तांबोलिच कोण? सर्बियाच्या घटनात्मक तक्रारीसाठी संघातल्या इतरांशी बोलणी करून वाट काढू पाहणारा माणूस. सर्बियाची तक्रार मार्गी लावू शकणारा जो नेता होता, त्यालाच तक्रारीच्या नावाने घालवलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुःखद गोष्ट वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते.

कोसोव्होतल्या सर्बांना न्याय हवा होता. तो १९८९ च्या दुरुस्त्यांनी मिळाला का? जुलै १९९० मध्ये कोसोव्होची विधानसभा बरखास्त झाली. अल्बानियन भाषेतलं 'रिलिंद्या' हे दैनिक बंद केलं. हजारो अल्बानियन डॉक्टर, शिक्षक, कामगार नोकरीवरून निघाले. मुलांच्या शाळा घरांच्या खोल्यांत भरू लागल्या. सर्बांच्या सुरक्षिततेत याने कणभर भर पडली नाही. शेजाऱ्याला असं चिरडून कुणी सुरक्षित होत नसतं.

---

स्टुटगार्टकर

उशिरा लिहितोय. इथे आमच्या कारखान्यात जुन्या युगोस्लाव्हियातून आलेले बरेच सहकारी आहेत, काहींचे वडील साठच्या दशकात 'पाहुणे कामगार' म्हणून आलेले. त्यांच्याशी बोलून आणि वाचून माझं मत तुमच्या तिघांपेक्षा वेगळं झालं आहे.

तुम्ही तिघंही असं धरून चालला आहात की सगळं घटनेच्या कलमांवर ठरत होतं. खरी घटना म्हणजे पक्ष होता. कागदावरचं संघराज्य कितीही विकेंद्रित असो, कम्युनिस्टांच्या संघटनेची शिस्त वरून खालपर्यंत चालायची आणि वाद टिटोपाशी संपायचा. १९७१ मध्ये क्रोएशियाचं नेतृत्व असंच घरी गेलं, १९७२ मध्ये सर्बियातले उदारमतवादी, मार्को निकेझिच आणि लातिंका पेरोविच. म्हणजे पुढे जे वाटाघाटी करू शकले असते असे लोक दोन्हीकडचे आधीच संपवले. १९७४ च्या घटनेने अधिकार दिले ते लोकांना नाही, प्रजासत्ताकांमधल्या पक्षनेत्यांना. लोकांना एकमेकांविरुद्ध मत द्यायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक मतभेद वांशिक चौकटीतूनच बाहेर पडायचा. जानेवारी १९९० मध्ये पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनातून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचे. पक्ष त्या रात्री संपला. देश त्यानंतर दीड वर्ष कागदावर होता.

आता जे कुणी काढलं नाही ते सांगतो. १९९० मध्ये सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात वसंतात, बोस्निया, मॅसिडोनिया, सर्बिया, मॉन्टेनेग्रोत वर्षाअखेरीस. पण संपूर्ण युगोस्लाव्हियाची निवडणूक कधीच झाली नाही. एकदाही नाही. पंतप्रधान आंते मार्कोविचने जानेवारी १९९० मध्ये नवा दिनार आणला, दहा हजार जुन्यांचा एक नवा, सात दिनारला एक जर्मन मार्क, आणि हजार टक्क्यांच्या वर गेलेली महागाई काही महिन्यांत जमिनीवर आणली. लोकप्रियतेत तो त्या काळात सगळ्यांच्या पुढे होता. मते मागायला त्याच्याकडे मतदारसंघच नव्हता. संघपातळीवर निवडणूक घ्यायला स्लोव्हेनिया तयार नव्हता, आणि सर्बियाला 'एक माणूस एक मत' हवं होतं ते स्वतःचं संख्याबळ डोळ्यांसमोर ठेवून.

माझी एक सहकारी बोस्नियातल्या तुझ्लाची. आई क्रोएट, वडील मुस्लिम. १९८१ च्या जनगणनेत त्या घराने 'युगोस्लाव्ह' असं लिहिलं. तसं लिहिणारे देशात १२ लाखांहून जास्त होते. १९९० मध्ये अशा माणसांनी मत द्यायचं तरी कुणाला? बोस्नियात मुस्लिम, सर्ब आणि क्रोएट या तीन समाजांच्या तीन पक्षांनी मैदान मारलं.

---

कृष्णाकाठ

चर्चा वाचतोय. थोडं आपल्याकडचं. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला दिला, संबंधित राज्याचं मत घ्यायचं पण ते बंधनकारक नाही. युगोस्लाव्हियात प्रजासत्ताकाच्या संमतीशिवाय त्याची सीमा हलत नव्हती, आणि घटनेच्या प्रास्ताविकात राष्ट्रांच्या अलग होण्याच्या हक्काचा उल्लेख होता. भक्कम केंद्र असतं तर हे घडलं नसतं, असं मला वाटतं. जुना वाचक यांच्या बाजूने माझं मत.

---

सांजवेळ

कृष्णाकाठ, भक्कम केंद्र युगोस्लाव्हियाने करून पाहिलं होतं. १९६६ पर्यंत अलेक्सांदर रांकोविचच्या गुप्त पोलिसांचं राज्य होतं आणि कोसोव्होने ते सोसलं. आपल्याकडे संसदेला अधिकार आहेत हे खरं, पण राज्यं भाषेच्या आधारावर झाली ती लोकांच्या चळवळीतून आणि मतपेटीतून दबाव आला म्हणून. स्टुटगार्टकर म्हणतात ती मतपेटी तिथे संघासाठी कधी उघडलीच नाही. तो फरक सोडून नुसत्या अनुच्छेदांची तुलना केली तर दिशाभूल होईल.

स्टुटगार्टकर, तुमचा निवडणुकीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. त्यात एकच भर. क्रोएशियाच्या निवडणुकीत तुज्मनचा राष्ट्रवादी पक्ष आला आणि डिसेंबर १९९० च्या नव्या घटनेत क्रोएशिया हे क्रोएट राष्ट्राचं राज्य ठरलं. जुन्या घटनेत तिथल्या सर्बांचा राज्याचे घटक म्हणून उल्लेख होता, तो गेला. ते अल्पसंख्याकांत गेले. सर्ब तिथे साधारण बारा टक्के. ज्यांच्या घरात १९४१ सालच्या, नाझींच्या पाठबळावरच्या क्रोएशियन उस्ताशा राजवटीतल्या कत्तलींच्या आठवणी आहेत, त्यांना हा बदल कसा दिसला असेल? क्निनच्या सर्बबहुल भागात ऑगस्ट १९९० पासूनच रस्त्यांवर झाडांचे ओंडके आडवे पडले होते. बेलग्रेडने ती भीती वापरली, शस्त्रं पुरवली. पण भीती बेलग्रेडने शून्यातून निर्माण केली नव्हती. पश्चिमघाट, सगळा दोष मार्च १९८९ च्या रणगाड्यांवर टाकताना झाग्रेबचं हे पान तुम्ही उलटलं नाहीत.

---

पश्चिमघाट

सांजवेळ, ते पान माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. त्याच रोगाचं दुसरं ठिकाण आहे. घटनेत ज्यांचं स्थान आहे ते त्यांना न विचारता बदलायचं. सर्बियाने अल्बानियनांचं बदललं, क्रोएशियाने सर्बांचं. एकाने केलं की दुसऱ्याला आधार मिळतो. तारखांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. मार्च १९८९ नंतर सप्टेंबर १९८९ मध्ये स्लोव्हेनियाने अलग होण्याच्या हक्काची दुरुस्ती केली, डिसेंबरात सर्बियाने स्लोव्हेनियाच्या मालावर बहिष्कार टाकला, आणि पुढच्या वर्षी झाग्रेब.

जुना वाचक यांना एक प्रसंग आठवून देतो. १५ मे १९९१. फिरत्या क्रमाने अध्यक्षमंडळाचं अध्यक्षपद क्रोएशियाच्या स्त्येपान मेसिचकडे जायचं होतं. दरवर्षीचा उपचार. सर्बिया, कोसोव्हो आणि व्होयव्होदिना यांची मतं विरोधात गेली, मॉन्टेनेग्रोने साथ दिली नाही, पाच मतं जमली नाहीत. देश सर्वोच्च सेनापतीविना राहिला, अशा वेळी की क्रोएशियात माणसं मरू लागली होती. कोसोव्होचं ते मत कुणाचं होतं? कोसोव्होतल्या चार लोकांनाही विचारून ते दिलेलं नव्हतं. १९७४ च्या घटनेत सहमतीची अडचण होती, पण अशा मतचोरीची सोय नव्हती. ती १९८९ मध्ये झाली.

---

जुना वाचक

मेसिचच्या बाबतीत बेलग्रेडने केलं ते अक्षम्य होतं, यावर वाद नाही. पण त्यातून जे निघतं ते मी वेगळं वाचतो. एका मताने राज्याचं डोकं उडवता येतं, अशी यंत्रणा उभी करणारे कोण? आठ जणांचं अध्यक्षमंडळ, वर्षाला फिरणारं पद, कुणालाही संपूर्ण देशाकडून जनादेश नाही. अशी रचना चांगल्या माणसांच्या हाती मंद चालते, वाईट माणसांच्या हाती मोडते.

आणि हेच तत्त्व पुढे बोस्नियात कुठे पोचलं ते पाहा. मे १९९१ मध्ये जे युगोस्लाव्हियात झालं तेच बोस्नियात लहान आकारात होतं. तीन समाज, तिघांची संमती आवश्यक. फेब्रुवारी-मार्च १९९२ च्या सार्वमतावर सर्बांनी बहिष्कार टाकला, एप्रिलमध्ये युद्ध. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालय मुद्दाम सारायेव्होत ठेवलं होतं, कारण क्रोएशियातल्या कामासाठी ते शांत ठिकाण वाटलं. त्या सेनेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. काही आठवड्यांत तेच शहर वेढ्यात सापडलं आणि मुख्यालय हलवावं लागलं. १९९५ मध्ये युद्ध संपवणारा डेटनचा करार झाला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात बोस्नियाची घटना आहे. अध्यक्षमंडळ तिघांचं, एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा माणसाला त्या पदासाठी उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये सेजदिच आणि फिंची खटल्यात हा भेदभाव ठरवला. इतकी वर्षं झाली, बोस्नियाला तो निर्णय अंमलात आणता आलेला नाही, कारण दुरुस्तीसाठी त्याच तिघांची संमती लागते. १९७४ च्या विचाराचं हेच भवितव्य होतं.

---

स्टुटगार्टकर

जुना वाचक, डेटन हा युद्धानंतरचा तह आहे, बंदुका खाली ठेवायच्या अटीवर लिहिलेला. त्याला १९७४ चं अपत्य म्हणणं ओढूनताणून वाटतं. १९७४ च्या रचनेत निदान एककं प्रदेशाची होती. बोस्निया-हर्झेगोव्हिनाची जागा बोस्निया-हर्झेगोव्हिनाची होती, तिथल्या कुणालाही मिळू शकत होती. डेटनने जागा थेट जमातीला दिली. माझ्या त्या तुझ्लाच्या सहकारीला १९८५ साली अध्यक्षमंडळात जाण्याची स्वप्नं पाहायला कायद्याची आडकाठी नव्हती. आज तिने स्वतःला 'युगोस्लाव्ह' किंवा नुसतं 'बोस्नियाची' म्हटलं तर आहे.

---

सांजवेळ

जुना वाचक यांच्या १९७७ च्या 'निळ्या पुस्तका'कडे परत येते, कारण त्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा भार त्यावर आहे: वाट होती, सर्बियाने ती धरली, इतरांनी अडवली.

इतरांनी का अडवली? कोसोव्होत तेव्हा पक्षाचा प्रमुख महमुत बकाली होता. त्या पिढीने रांकोविचचा काळ अंगावर झेललेला. १९५५-५६ च्या हिवाळ्यात शस्त्रं शोधण्याच्या नावाखाली गावोगाव धाडी पडल्या, ज्यांच्याकडे शस्त्र नव्हतं त्यांनीही कुठून तरी विकत आणून जमा केलं, मारहाण टळावी म्हणून. १९६८ पर्यंत अल्बानियन झेंडा लावता येत नव्हता, स्वतःचं विद्यापीठ १९७० च्या सुमारास मिळालं. हे सगळं मिळून जेमतेम सात वर्षं झाली असताना बेलग्रेडहून कागद आला की प्रांतांचे अधिकार पुन्हा तपासूया. कितीही सभ्य शब्दांत लिहिलेला असो, तो प्रिश्तिनात कसा वाचला गेला असेल?

आणि बदल्यात सर्बिया कोणती हमी देऊ शकत होता? स्वतंत्र न्यायालय नव्हतं. दुसरा पक्ष नव्हता. मुक्त वृत्तपत्र नव्हतं. अधिकार एकदा बेलग्रेडला गेले की ते परत मिळवायचा एकही मार्ग कोसोव्होकडे उरणार नव्हता. बकालीच्या जागी बसून विचार करा आणि सांगा, तुम्ही सही केली असती का?